बादशहाच्या चित्रशाळेतील रंगभरण

रंगभरणाचे पुस्तक म्हणजे लहान मुलांचा उद्योग, असे आपण गृहीत धरून चालतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात गव्हाणीचे रेखाचित्र मुलांपुढे ठेवायचे, त्यांनी पवित्र मरियेच्या वस्त्राला निळा रंग द्यायचा आणि हात माखून घरी जायचे. २०१३ साली जोहाना बॅसफर्ड यांचे प्रौढांसाठीचे रंगभरणाचे पुस्तक निघाले व पुढे तशा पुस्तकांची लाटच आली. तरीही मुरलेल्या चित्रकाराने दुसऱ्याच्या रेषांत रंग भरावा हे पुष्कळांना कमीपणाचे वाटते. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे, आणि ती आपल्या ख्रिस्ती चित्रांशीच निगडित आहे.

अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून १७ नोव्हेंबर १५७९ रोजी रुदोल्फ अक्वाविवा, अंतोनियो मोन्सेरात व फ्रान्सिस्को हेन्रिकेस हे तीन येशूसंघीय गोव्याहून निघाले व पुढील वर्षाच्या आरंभी फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. मार्च १५८० मध्ये त्यांनी बादशहाला बहुभाषी बायबलचे खंड अर्पण केले. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या आश्रयाने अँटवर्प येथे प्लांतँ याच्या छापखान्यात हा ग्रंथ तयार झाला होता. अकबराने प्रत्येक खंडाचे चुंबन घेऊन तो मस्तकी लावला आणि शुभवर्तमान यांतील कोणत्या खंडात आहे, असे विचारले. अक्वाविवा पुढे गोव्यास परतले व जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रक्तसाक्षी झाले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच.

बादशहाची दृष्टी मजकुरावर खिळली, तशी त्याच्या चित्रकारांची खिळली ती मुखपृष्ठांवरील चित्रांवर. तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेले हे छाप केवळ काळ्या शाईचे होते. त्यांच्या पाठोपाठ अशी कितीतरी सुटी धार्मिक चित्रे दरबारात आली. रेषा तयार, रंगाचा पत्ता नाही! मोगल चित्रकारांनी या चित्रांच्या नकला केल्या, त्या रंगविल्या. काही वेळा तर मूळ छापील कागदावरच रंग चढविले. तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यातील प्रसिद्ध मोगल चित्रसंग्रहात असे युरोपीय छाप चिकटविलेले आढळतात.

यात त्यांना हीनता का वाटली नसावी? त्याचे उत्तर त्या चित्रशाळेच्या रीतीत आहे, असे आम्हांला वाटते. तेथे एका चित्रावर अनेकदा दोघांचे हात फिरत. ज्येष्ठ चित्रकार आखणी करी, तिला ‘तरह’ म्हणत. दुसरा रंग भरी, ते ‘अमल’. कधी चेहरे काढण्यासाठी तिसराच माणूस असे. अकबरनाम्याच्या चित्रांखाली कारकुनांनी ही नावे वेगवेगळी नोंदली आहेत. दुसऱ्याची आखणी रंगविणे हीच तेथील शिकवणी होती. तासून पारदर्शक केलेल्या हरणाच्या कातड्यावर जुनी चित्रे उतरवून घेत, रेषांवर टोचे मारून कोळशाच्या भुकटीने ती नव्या कागदावर उठवीत. मग रंगाचे पातळ थर एकावर एक चढत आणि मधूनमधून कागद पालथा घालून पाठीकडून अकीकाच्या दगडाने घोटला जाई.

युरोपीय छापाने या सरावात नवी भर घातली. इराणी वळणाच्या चित्रात छायेला फारसे स्थान नव्हते. रंग सपाट, तेजस्वी. छापील चित्रात मात्र वस्त्राची घडी, गालाचा उंचवटा, दूरचा डोंगर हे सारे बारीक रेषांच्या दाट-विरळ जाळीने दाखविलेले असे. ते रंगवायचे, तर प्रत्येक जाळीचा रंगात अर्थ लावणे भाग होते. आकृती कोठे उभी करावी ही चिंता मिटली, म्हणून सारे ध्यान प्रकाशाकडे गेले. रंगाची निवड तर सर्वस्वी त्यांची. तेथे अँटवर्पचा कारागीर काही सांगू शकत नव्हता.

केसूदास याचे ‘संत मत्तय व देवदूत’ हे चित्र पाहावे. ते १५८७-८८ च्या सुमाराचे असून ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. मूळ कल्पना हेम्सकर्क या डच चित्रकाराची, कोरीव काम फिलिप्स गाले याचे, आणि रंग केसूदासाचे. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त नामांकित चित्रकारांच्या यादीत ज्याचे नाव घेतले आहे, तोच हा केसू, नवशिका नव्हे. निनी नावाच्या एका स्त्री चित्रकाराने हिएरोनिमुस व्हीरिक्सच्या छापावरून संत सिसिलियाचे हौतात्म्य रंगविले. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. या निनीविषयी आणखी माहिती हाती लागती तर!

अबुल हसनची गोष्ट निराळी. १६०० च्या सुमारास, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याने ड्यूररच्या १५११ सालच्या क्रूसारोहणाच्या चित्रातून एकट्या संत योहानाची आकृती रेखाटली. क्रूस, मरिया, बाकीची माणसे, सारे त्याने वगळले. ते रेखाटन ऑक्सफर्डच्याच ॲशमोलियन संग्रहालयात आहे. एवढ्या लहान वयात काय घ्यावे आणि काय सोडावे हे त्याला उमगले होते.

१६१८ साली जहांगीरने त्याला ‘नादिर-उज़-ज़मान’ हा किताब दिला. त्याच सुमारास त्याने बादशहा व इराणचा शहा अब्बास यांच्या आलिंगनाचे चित्र काढले. दोघांच्या पायांखाली पृथ्वीगोल आहे आणि त्यावर सिंह व कोकरू शेजारी शेजारी पहुडले आहेत. त्या बहुभाषी बायबलच्या पहिल्या मुखपृष्ठावरही सिंह, बैल, लांडगा व कोकरू शांतपणे एकत्र आहेत. मोगल चित्रांतील ही जोडी तेथूनच आली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.