शनिवारवाडा पाहिलेला बिशप

मुळशीच्या उत्तरेला मावळ लागतो. इ.स. १८२५ च्या पावसाळ्यात याच मावळातून, बोरघाट चढून आणि कार्ल्याची लेणी पाहून, कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप रेजिनाल्ड हीबर पुण्यात दाखल झाले. पेशवाई बुडून जेमतेम सात वर्षे झाली होती.

कलकत्त्याच्या बिशपचे पुण्यात काय काम? तेव्हा कंपनीचा सारा हिंदुस्थानी मुलूख त्या एकाच पीठाखाली येई. दूरचे ऑस्ट्रेलियाही त्यातच. लष्कर भागातील सेंट मेरी चर्चचे पवित्रीकरण हीबर यांच्याच हस्ते झाले.

मराठी वाचकाला मात्र त्यांची रोजनिशी अधिक मोलाची. तिला मिशनरी दृष्टीचा रंग आहेच, पण शनिवारवाडा त्यांनी उभा असताना पाहिला होता. बाहेरून सामान्य, आत कोरीव लाकडी ओवऱ्यांनी वेढलेला देखणा चौक. पेशव्यांच्या त्या वाड्यात आता तुरुंग होता, दवाखाना होता आणि वेड्यांचे इस्पितळही.

३ एप्रिल १८२६ रोजी त्रिचनापल्लीत स्नान करताना हीबर यांचा मृत्यू झाला. वय अवघे ४२. १८२२ ते १८३१ या काळात कलकत्त्याचे चार बिशप दगावले. एवढा पसारा एकट्याने पेलणारा नव्हता. १८३३ च्या सनदी कायद्याने मुंबईला स्वतंत्र बिशप मंजूर झाला आणि १८३७ मध्ये टॉमस कार त्या पदावर आले.

हीबर यांची रोजनिशी त्यांच्या पत्नी अमेलिया यांनी १८२८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत शनिवारवाड्याला आग लागली. ती कित्येक दिवस धुमसत राहिली. कोरीव लाकूडकाम तिच्यात गेले.