कपाटात राहिलेला नियम

दोन विद्युतप्रभारांमधील बल त्यांच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा नियम आपली मुले कूलॉमच्या नावाने पाठ करतात. त्याची पहिली चाहूल एका रिकाम्या पेल्यात लागली होती, हे मात्र त्यांना क्वचितच सांगितले जाते.

बेंजामिन फ्रँकलिनने चांदीच्या पेल्याला प्रभार दिला आणि रेशमी दोऱ्याला बांधलेला बुचाचा गोळा आत सोडला. बाहेरून पेल्याकडे ओढला जाणारा गोळा आत ओढला जाईना. तळाला टेकवून वर काढला, तरी त्याच्यावर प्रभाराचा मागमूस नव्हता. १७५५ साली एका पत्रात हे कळवताना, कारण आपल्याला ठाऊक नाही, असेही त्याने मोकळेपणाने लिहिले.

पुढे त्याच्याच सूचनेवरून जोसेफ प्रीस्टलीने डिसेंबर १७६६ मध्ये तसाच प्रयोग केला. त्याला न्यूटन आठवला. पोकळ गोलाच्या आतील वस्तूवर कवचाच्या जवळच्या लहान भागाची आणि दूरच्या मोठ्या भागाची ओढ सारखीच पडते व एकूण ओढ शून्य होते. ही फिटंफाट व्यस्त वर्गाच्या नियमामुळे होते. तेव्हा विजेचाही नियम तोच असावा, असे अनुमान त्याने १७६७ च्या ग्रंथात मांडले.

मोजमाप केले हेन्री कॅव्हेंडिशने, १७७२-७३ च्या सुमारास. त्याने एक गोल दोन पोकळ गोलार्धांच्या आत बसवला, तारेने जोडून प्रभार दिला, तार काढली आणि गोलार्ध दूर केले. आतल्या गोलापाशी धरलेल्या भेंडाच्या गोळ्या हलल्या नाहीत. सारा प्रभार बाहेरच्या पृष्ठभागावर गेला होता. नियमातील घातांक २ पेक्षा फार तर एक पन्नासांश इतकाच वेगळा असू शकेल, असा त्याचा हिशेब निघाला. पण अतिशय संकोची असा हा गृहस्थ. त्याने तो छापलाच नाही!

१७८५ मध्ये कूलॉमने पिळाच्या तराजूने स्वतंत्रपणे नियम पडताळला आणि जगापुढे ठेवला. कॅव्हेंडिश १८१० मध्ये वारला. त्याची टिपणे मॅक्सवेलने संपादून प्रसिद्ध केली ती १८७९ साली. तोवर १८३६ मध्ये फॅरेडे बारा फुटी प्रभारित पिंजऱ्यात स्वतः शिरून सुखरूप बाहेरही आला होता.

नियमाला कूलॉमचे नाव मिळाले, यात अन्याय नाही. आपल्या घरांतली हुशार पण अबोल मुले पाहिली, की मला कॅव्हेंडिशचे ते कपाट आठवते. उत्तर वहीत बरोबर असणे पुरेसे नसते; ते चारचौघांत मांडण्याचे धैर्य मुलांना देणे हेही शिक्षकाचे आणि पालकांचे काम आहे.