वांद्रे गाव आणि त्याचे हरवलेले टॉकीज



इतिहास म्हटला की किल्ले, तह आणि सेनापती डोळ्यांपुढे उभे राहतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचा इतिहास हजेरीपटात, पगारपत्रकात आणि फाटकावरच्या सभांत सापडतो. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले आणि सार्वजनिक वाचनालयातले. तेव्हा आज वांद्र्याविषयी जे सांगणार आहोत, ते पंडिताचे प्रवचन नव्हे. एक जुनी वस्ती आणि तिच्यातून नाहीसे झालेले एक चित्रपटगृह यांची ही हकीकत आहे. गाव काय जपून ठेवते आणि काय विसरून जाते, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम गावाची ओळख. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. साष्टी आणि वांद्रे त्याबरोबरच गेले. सेंट अँड्र्यूचे चर्च 1575 सालचे, खाडीच्या मुखावरचा किल्ला 1640 चा. 1661 च्या विवाहतहाने मुंबई बेट इंग्रजांच्या वाट्यास आले, तरी वांद्रे पोर्तुगीजांकडेच राहिले. माहीम एका राजाचे आणि खाडीपलीकडचे वांद्रे दुसऱ्याचे, अशी ही गंमत होती. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि साष्टीवर मराठ्यांचा अंमल बसला; 1782 च्या सालबाईच्या तहाने ती इंग्रजांकडे कायमची गेली. धनी चार बदलले. भात लावणारे, मासे मारणारे आणि ताडी काढणारे हात मात्र तेच राहिले.

या मुलखातले जे लोक पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झाले, त्यांची बोली मराठीच राहिली. 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले आणि आपली संस्था स्थापन केली. नोकरीच्या रांगेत इतर प्रांतांतून आलेल्या ख्रिस्ती उमेदवारांहून आपण निराळे, येथलेच भूमिपुत्र, हे सरकारला कळावे, हा त्यामागचा हेतू. म्हणजे हे नावदेखील पोटाच्या प्रश्नातूनच जन्मले, ही गोष्ट आम्हांला विशेष वाटते.

माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये पूर्वी तरीने जावे लागे. 1845 मध्ये तेथे बांध झाला. त्यासाठी लेडी जमशेटजी जीजीभाई यांनी दीड लाखांहून अधिक रुपये दिले, आणि अट घातली की येथे कसलाही टोल घेऊ नये. पुढे 1867 मध्ये विरारहून मुंबईस लोकल गाडी सुरू झाली. 1876 मध्ये वांद्र्यास नगरपालिका मिळाली. मग आले 1896 साल. त्या वर्षी 7 जुलैला वॉटसन हॉटेलात मुंबईने पहिल्यांदा हलती चित्रे पाहिली, आणि त्याच वर्षीच्या शरदात प्लेग आला. प्लेगच्या भयाने शहरातली माणसे मोकळ्या हवेसाठी उत्तरेकडे सरकली. वांद्र्यात बंगले उठले, वस्ती दाट झाली. सिनेमाला लागणारा प्रेक्षक असा येथे आपोआप गोळा होत गेला.

आता आमच्याबरोबर पायी चला. वांद्रे स्टेशनाच्या पश्चिमेस उतरून बाजार मागे टाकला की हिल रोड लागतो. कागदोपत्री त्याचे नाव आता रामदास नायक मार्ग. त्याच्या बाजूच्या गल्लीत वळले की मोटारींचा आवाज मागे पडतो आणि रणवार येते. वांद्रे अशा अनेक पाखाड्यांचे मिळून बनले आहे: रणवार, शेर्ली, राजन, माला, पाली आणि कोळ्यांची चिंबई. पाखाडी म्हणजे शेतांच्या कडेची लहानशी वाडी. शेते गेली, वाड्या उरल्या. रणवारमध्ये कौलारू छपराची, लाकडी जिना बाहेरून चढवलेली, पुढे ओटी असलेली काही घरे अजून उभी आहेत. वरचा मजला भाड्याने देता यावा म्हणून बाहेरचा जिना किती सोयीचा, हे चाळीत वाढलेल्या माणसास सांगावे लागत नाही.

कोपऱ्याकोपऱ्यावर कुरूस दिसतो. यांतले अनेक प्लेगच्या दिवसांत, रोगापासून रक्षण व्हावे म्हणून उभारलेले. त्यांवर आजही फुलांच्या माळा चढतात, मेणबत्त्या लागतात, शेजारी जमून प्रार्थना म्हणतात. सव्वाशे वर्षांनंतरही कुरूस टिकला, कारण त्याच्यासाठी जमणारी माणसे टिकली. हे ध्यानात ठेवा; पुढे याचे काम पडणार आहे.

याच हिल रोडवर न्यू टॉकीज होते. नावातच त्याचा काळ आहे. 14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला आणि मूकपट मागे पडला. त्यानंतर गावोगावच्या थिएटरांनी ‘टॉकीज’ हे नाव मिरवले. वांद्र्यात बांद्रा टॉकीजही होते, नेपच्यून होते. पुढे 1972 मध्ये गेटी-गॅलेक्सी आली. याच रस्त्यावर 1954 मध्ये मेहबूब खानांनी आपला स्टुडिओ उभारला. गुजरातेतून आलेला, फारसे न शिकलेला, एक्स्ट्रा म्हणून सुरुवात केलेला हा माणूस. आपल्या संस्थेच्या चिन्हात त्याने विळा-हातोडा ठेवला. ‘मदर इंडिया’ 1957 चा. ज्या रस्त्यावर चित्रे तयार होत त्याच रस्त्यावर ती दाखवलीही जात, असे भाग्य फार थोड्या वस्त्यांच्या वाट्यास येते.

वांद्र्याचे समाज एकमेकांना लागून राहत, पण आपापल्या कुंपणात. चर्च एकाचे, मशीद दुसऱ्याची, देऊळ तिसऱ्याचे, जिमखाना चौथ्याचा. कत्तलखान्यातला कामगार, चिंबईचा कोळी, रणवारचा कारकून आणि पाली हिलचा साहेब यांनी एका छपराखाली तीन तास बसावे, असे ठिकाण टॉकीजखेरीज दुसरे कोणते होते? तेथेही पिट आणि बाल्कनी असा भेद होताच. तो पैशाचा होता, जन्माचा नव्हता. आणि दिवे मालवले की पडदा सगळ्यांना एकच.

हा पडदा उजळत असे कोणाच्या श्रमावर? वरच्या कोंदट केबिनमध्ये दोन यंत्रे असत. कार्बनच्या कांड्यांमधून ठिणगीचा प्रखर प्रकाश पाडावा लागे. कांड्या झिजत, त्या हाताने पुढे सरकवाव्या लागत. 2000 फुटांचे रीळ वीस-बावीस मिनिटांत संपे. चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसरे यंत्र सुरू करून पहिले बंद करायचे, तेही प्रेक्षकाला न कळता. ऑपरेटरची कसोटी ही की कोणाला त्याची आठवणही होऊ नये. खाली डोअरकीपर, बुकिंग क्लार्क, झाडूवाला, पोस्टर चिकटवणारा. जगाची सुटी तो यांचा जादा कामाचा दिवस. दिवाळीला घरी जेवणारा थिएटर-कामगार विरळाच. शेवटचा खेळ सुटे तेव्हा शेवटची लोकल गाठण्याची घाई.

या माणसांसाठी स्वतंत्र कायदा झाला तो 1981 मध्ये. जेथे पाच कामगार असतील अशा चित्रपटगृहासही भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान त्याने लागू केले. एरवी निधीसाठी वीसजणांची अट असे. म्हणजे वॉटसन हॉटेलातल्या पहिल्या खेळापासून पंच्याऐंशी वर्षे लागली.

कायदा आला तेव्हा थिएटरे उताराला लागलीच होती. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबईत दूरदर्शन सुरू झाले, पाठोपाठ व्हिडिओ आला, 2001 मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली. परंतु खरा मारेकरी निराळाच. तिकिटाचा गल्ला वाढे आण्यांनी, जमिनीचा भाव वाढे लाखांनी. न्यू टॉकीजच्या जागी ग्लोबसची इमारत उभी राहिली; पुढे तीत महागड्या तिकिटांचे लहान पडदेही आले. पडदा परतला, पिट परतले नाही.

येथे एक हिशेब मांडतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार धंदा बंद झाल्यास नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून मिळे. तीस वर्षे झिजलेल्या डोअरकीपरला त्या हिशेबाने पंधरा महिन्यांचा पगार. तीस वर्षांत त्याच्या पायाखालची जमीन कितीपट झाली, त्यातला छदामही त्याचा नाही. मुंबईच्या बांधकाम नियमांत थिएटर पाडल्यास नव्या इमारतीत थिएटर ठेवण्याची अट होती. अट खुर्च्यांविषयी होती, माणसांविषयी नव्हती.

आज चॅपल रोडच्या भिंतीवर 2012 मध्ये रंगवलेली अनारकली पाहण्यास लोक येतात. रेक्लमेशनजवळच्या टेलिफोन कचेरीच्या उंच भिंतीवर 2014 मध्ये दादासाहेब फाळके आले. चांगलेच झाले. मात्र सिनेमाची चित्रे भिंतींवर चढली, आणि सिनेमाच्या घरात राबलेल्यांचे एक नावही कोठे लागले नाही.

असे का झाले? आमचे उत्तर सरळ आहे. कुरसामागे पाखाडी होती, चर्चमागे पॅरिश होते, ईस्ट इंडियनांमागे 1887 पासून त्यांची संस्था होती. टॉकीजचे प्रेक्षक हजारो, पण खेळ सुटला की पांगणारे; कामगार मूठभर, तेही विखुरलेले. जेथे संघटना असते तेथे स्मृती टिकते. संघटना केवळ पगारवाढीसाठी असते हा समज आम्ही स्वतःदेखील सोडून द्यावयास हवा.

म्हणून एक काम सुचवतो. आपल्या भागातल्या बंद पडलेल्या थिएटरातले ऑपरेटर आणि डोअरकीपर शोधा. त्यांतले बरेच आता सत्तरीपलीकडचे आहेत. त्यांचे परवाने, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या पाहा. ते सांगतील ते लिहून घ्या, आणि वहीची एक प्रत जवळच्या वाचनालयात ठेवा. याला ना सरकारी अनुदान लागते, ना पदवी. लागतो तो एक रविवार आणि एक पेन्सिल.