पांढरीच्या पोटातले तगर

शेतकरी बंधूंनो आणि गुरुजनहो, काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढर म्हणजे वस्तीची, हे तुम्हांला सांगायला नको. पांढरकवडा म्हणताच पांढर हा शब्द कानी पडतो. माणसे पिढ्यान्‌पिढ्या एके ठिकाणी नांदली, की राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून पांढरीचे टेकाड होते.

धाराशिव जिल्ह्यात तेरणाकाठी तेर आहे; गोरोबाकाकांचे गाव. तेथेही अशीच टेकाडे आहेत. हेच जुने तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. तगरचे कापड गाड्यांतून भडोच बंदरी जाई आणि तेथून रोमन लोकांच्या मुलखाकडे.

हे खरे कशावरून? तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी मिळतीजुळती भारतीय मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेई येथे निघाली. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीने गाडले होते.

तेरला १९५८ साली उत्खनन झाले. गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनीही सापडेल ती वस्तू जपली. त्यांच्या नावाचे संग्रहालय आज तेथे आहे.

मग आपण काय करावे? पांढरीची माती गाडीत भरताना मणी, नाणे, नक्षीचे खापर दिसले, तर हात आवरा. गुरुजी, जागा आणि खोली वहीत टिपा, तहसील कचेरीला कळवा. कोठे मिळाली हे ठाऊक असेल, तरच वस्तू बोलते.