विरळ वायूचें तेज

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल कासारवाडीच्या स्थानकावर क्षणभर थांबते. कासार म्हणजे भांड्यांचा आणि बांगड्यांचा व्यवसाय करणारा. तेव्हां धातु या गांवाच्या नांवांतच आहे, असें गंमतीनें म्हणतां येईल. १९५४ सालीं शेजारीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पुढें भोसरीपासून चाकणपर्यंत पोलादाचीं चक्रें, दंड नि साचे घडविणारे कारखाने पसरले.

या पोलादाची एक जुनी अडचण आहे. दंतचक्राचा पृष्ठभाग कठीण हवा, गाभा मात्र चिवट. सगळेंच कठीण केलें तर दांता तुटतो. सगळेंच मऊ ठेवलें तर तो झिजतो. यावर एक उपाय म्हणजे वितळलेल्या सायनाइड-क्षारांच्या कुंडांत तो भाग बुडविणें. काम होतें, परंतु कामगार नित्य विषाशेजारीं उभा राहतो, आणि धुण्याचें पाणी शुद्ध न करतां सोडलें तर ज्या ओढ्यास मिळेल त्याचा घात करतें. दुसरा उपाय अमोनियाच्या भट्टीचा. त्यास कित्येक तास, प्रसंगीं दिवसही लागतात.

तिसरा मार्ग प्रथम दिसला तो काचेच्या नळींत. १८५७ च्या सुमारास बॉन येथील गाइस्लर नांवाच्या कुशल काच-कारागिरानें नळींतील बहुतेक हवा उपसून तींत विद्युत् सोडली, आणि उरलासुरला वायु प्रकाशूं लागला. १८७९ सालीं क्रुक्सनें ही द्रव्याची चौथी अवस्था मानली. ‘प्लाझ्मा’ हें नांव मात्र लँगम्यूरनें १९२८ सालीं दिलें. दरम्यान १९२० सालीं आपल्या मेघनाद साहांनीं तप्त वायूंतील अणूंपासून इलेक्ट्रॉन किती प्रमाणांत सुटतात, याचें समीकरण मांडलें होतें. पण तें ताऱ्यांच्या वातावरणास लागू पडतें, जेथें सर्व कणांचें तपमान एकच असतें.

नळींत तसें नसतें, आणि खरी मौज येथेंच आहे. वायु विरळ असल्यानें इलेक्ट्रॉनास दोन टकरींमध्यें लांब धांव मिळते व तो वेग घेतो. जात्यावर चिंचोका आपटला तर जातें हलत नाहीं. तद्वत् हलका इलेक्ट्रॉन जड अणूवर आपटून आपली ऊर्जा फारशी गमावीत नाहीं. म्हणून इलेक्ट्रॉनांचें तपमान हजारों अंश, आणि वायु मात्र थंड. घरांतील ट्यूबलाइट हातास भाजत नाहीं, तें यामुळेंच.

१९३० च्या दशकांत जर्मनींत बर्गहाउसनें हीच युक्ति पोलादास लावली. निर्वात भट्टींत चक्र ऋणाग्र करावें, भिंत धनाग्र. दाब वातावरणाच्या शंभराव्या ते हजाराव्या हिश्श्याइतका ठेवून नायट्रोजन व हायड्रोजन सोडावा, आणि कांहीं शें व्होल्टचा दाब द्यावा. नायट्रोजनचे आयन चक्रावर आदळतात, तेंही सुमारें ५०० अंशांपर्यंत तापतें, आणि नायट्रोजन पृष्ठभागांत मुरतो. सायनाइड कोठेंच नाहीं.

भारतांत गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेनें १९९७ सालीं उद्योगांसाठीं स्वतंत्र केंद्र काढलें, आणि ही भट्टी तेथें देशांतच घडूं लागली. भोसरींत बाल्झर्स कंपनी विरळ वायूंतच हत्यारांवर कठीण लेप चढविते. लहान कारखानदारास पंपाचा खर्च अजूनहि जड वाटतो, आणि तें खोटें नाहीं. शिवाय अरुंद भोकांत प्रकाश दाटला कीं तेवढाच भाग अति तापतो. म्हणून भट्टीच्या काचेच्या खिडकींतून जांभळा थर सर्वत्र सारखा बसला आहे ना, हें कामगारास डोळ्यांनीं पाहावें लागतें.