काशीच्या प्रयोगशाळेतील हिरवे पान

काशी म्हटले की मराठी वाचकाला गागाभट्ट आठवतात, अहिल्याबाईंनी १७८० मध्ये उभारलेले विश्वनाथाचे मंदिर आठवते. याच विद्यानगरीत साध्या हिरव्या पानाविषयीही मूलगामी विचार झाला, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

पान हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी पुरवलेले पाणी घेऊन सूर्यप्रकाशाच्या बळावर शर्करा घडवते आणि ऑक्सिजन बाहेर सोडते. या कार्यासाठी प्रकाश अपरिहार्य आहे, हे यान इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्ये दाखवून दिले. पण त्याचा वेग कशावर अवलंबून असतो? केंब्रिजचे एफ. एफ. ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये नियम मांडला : प्रकाश, तापमान, कार्बन डायऑक्साइड यांपैकी जो घटक सर्वांत तोकडा पडतो, तोच वेगाला मर्यादा घालतो. त्यानुसार आलेख सरळ चढत जातो आणि एका बिंदूशी एकाएकी आडवा होतो. पुढे जर्मन शास्त्रज्ञ हार्डर यांनी या नियमाला मुरड घालून ‘सापेक्ष न्यूनते’ची कल्पना पुढे आणली.

१९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांच्या पुढाकाराने काशी हिंदू विश्वविद्यालय स्थापन झाले. तेथील कृषी संशोधन संस्थेतील बी. एन. सिंह आणि के. एन. लाल यांनी या दोन्ही मतांची परीक्षा केली. त्यांच्या मर्यादा दाखवणारा त्यांचा निबंध १९३५ मध्ये ‘प्लँट फिजिऑलॉजी’ या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याआधी दहा वर्षे मुंबईचे आर. एच. दस्तूर यांनी पानातील पाण्याचे प्रमाण आणि प्रकाशसंश्लेषण यांचा संबंध तपासला होता. परतंत्र देशातील अभ्यासक युरोपातील सिद्धान्त केवळ शिकत नव्हते, ते पारखूनही घेत होते.

प्रत्यक्षात आलेखाचे वळण तीक्ष्ण नसून गोलाईदार असते. पानात पेशींचे अनेक थर असतात. वरच्या थराला प्रकाश पुरेसा झाला, तरी खालचा थर अजून प्रकाशासाठी आसुसलेला असतो. त्यामुळे त्या टप्प्यावर प्रकाश वाढवला तरी वेग वाढतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढवला तरीही वाढतो. एकाच वेळी एकच घटक निर्णायक असतो, असे म्हणता येत नाही.

ब्लॅकमन यांचा नियम यामुळे टाकाऊ ठरत नाही. तो आजही शिकवला जातो आणि शिकवला जावा. परंतु नियम पाठ होणे आणि नियम समजणे यांत अंतर आहे. हीरक महोत्सवी वर्षात मागे वळून पाहताना, शाळेने किती विद्यार्थ्यांना आलेख काढायला शिकवले याच्या बरोबरीने, ‘हे वळण असे गोल का?’ असे विचारण्याचे धैर्य किती जणांना दिले, हेही मोजले पाहिजे. आपल्या मातृभाषेत तो प्रश्न मुलाच्या ओठांवर अधिक सहजपणे येतो. मराठी माध्यमाच्या शाळेचे प्रयोजन त्यात आहे.