कोलगावचा शंभर वर्षांचा विद्यार्थी

देवबाग म्हटलं की तुमच्या फोनवर काय येतं? संगम, डॉल्फिन, पॅरासेलिंगचे रील्स. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला दर्या आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांत लपलेली घरं. याच किनाऱ्यावर रापण ओढली जाते. दोर ओढायला अंग लागतं, पण जाळं कधी घालायचं, पाण्याला ओढ किती, मासळी कुठं वळतेय, याला डोकं लागतं. म्हातारा माणूस जोर कमी लावेल, पण पाणी वाचायला त्याच्याकडेच बघतात. आता रापणी कमी झाल्या. मुलगा पर्यटकांच्या मागे, नाहीतर मुंबईत. आजोबा ओटीवर बसून. अंगाचं काम सुटलं, त्याबरोबर डोक्याचंही सुटलं.

म्हणून आज आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची गोष्ट. श्रीपाद दामोदर सातवळेकर. जन्म 19 सप्टेंबर 1867, सावंतवाडीला लागून असलेल्या कोलगावात. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकले, हैदराबाद आणि लाहोरला स्टुडिओ चालवले. वेदांचा अभ्यास सुरूच होता. आणि पन्नाशी उलटल्यावर, 1918 च्या सुमारास, साताऱ्याकडच्या औंध संस्थानात येऊन चक्क नवीन आयुष्य मांडलं! स्वाध्याय मंडळ, छापखाना, मासिकं, घरबसल्या संस्कृत शिकवणारी पुस्तकं. सोबत आसनं आणि सूर्यनमस्कारांचा प्रचार.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हेही तसेच. स्वतः चित्रकार, रोज सूर्यनमस्कार घालणारे. शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, 1928 मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. (सक्तीचं कौतुक मला नाही. सकाळी उठवलेली पोरं काय म्हणत असतील!) पण त्यांच्या पद्धतीत एक गोष्ट बघण्यासारखी आहे. नुसती कवायत नव्हती. शरीराची स्थिती, श्वास आणि सूर्याचं नाव, तिन्हींचा मेळ ठेवायचा. मन भरकटलं की क्रम चुकणार.

आता थेट फिनलंडला जाऊ. 2009 नंतर तिथं 60 ते 77 वयाच्या 1,260 लोकांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला. अर्ध्यांना नेहमीचा आरोग्यसल्ला. बाकीच्यांना व्यायाम, मेंदूचा सराव, आहार, रक्तदाबासारख्या गोष्टींवर लक्ष, सगळं एकत्र. 2015 मध्ये निकाल छापून आला. स्मरण-विचारांच्या चाचण्यांत दोन्ही गट सुधारले, पण दुसरा गट जास्त. फरक फार मोठा नाही, पण खरा. आणि कशामुळे किती, हे वेगळं काढता येत नाही, कारण सगळं एकदमच दिलं होतं.

सातवळेकर शंभरी गाठून गेले म्हणून नमस्कार घातले की शंभर वर्षं नक्की, असं मी सांगणार नाही. एका माणसावरून पुरावा होत नाही. मला भावतं ते वेगळंच. 1948 मध्ये, ऐंशी वर्षांचे असताना, त्यांना औंध सोडावं लागलं. बहुतेक जण तिथं हात टेकतात. यांनी गुजरातेत पारडीला बिऱ्हाड नेलं आणि स्वाध्याय मंडळ पुन्हा उभं केलं. 1968 मध्ये पद्मभूषण मिळालं, त्याच वर्षी 31 जुलैला गेले.

तुमच्या घरी रापणीत पाणी वाचणारं कुणी असेल, तर त्यांना चालता चालता बोलतं करा आणि व्हॉइस नोट आम्हाला पाठवा. मालवणीतच पाठवा, आमका समाजता!